ई-रीडरवर मराठी शब्दकोश कसा बसवावा

शब्दावर बोट दाबून धरलं की अर्थ समोर येतो, ही ई-रीडरची सोय इंग्रजी वाचणाऱ्याला आयती मिळते. जुनं मराठी वाचणाऱ्याला कोश स्वतःच बसवावा लागतो. त्यासाठी कोरीडर हे मोफत अ‍ॅप घ्या. ते कोबो, पॉकेटबुक या ई-रीडरांवर आणि अँड्रॉइडवर चालतं. किंडलवर त्यासाठी जेलब्रेक करावं लागतं, म्हणजे कंपनीने घातलेली कुलपं तोडावी लागतात. तो खटाटोप नको असेल तर किंडलला थेट वाचता येणाऱ्या मोबी स्वरूपातला कोश शोधा.

१. आधी कोश ठरवा. माझी पहिली पसंती मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाला. त्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची, त्यामुळे शेतीभाती, अवजारं, म्हणी, शिव्या असं आज कानावर न पडणारं बरंच काही त्यात सापडतं. मराठीतूनच अर्थ हवा असेल तर दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ आहे. दोन कोश पुरे. डझनभर भरले की एका शब्दासाठी दहा खिडक्या चाळत बसावं लागतं.

२. कोश स्टारडिक्ट स्वरूपातच उतरवा, कोरीडरला तेच वाचता येतं. भारतीय भाषांचे असे कोश गिटहब या संकेतस्थळावर इंडिक-डिक्ट प्रकल्पात मिळतात.

३. उतरवलेली दाबलेली (कॉम्प्रेस केलेली) फाइल संगणकावर उलगडा. आत आयएफओ, आयडीएक्स आणि डिक्ट अशा किमान तीन फाइली हव्यात. एक जरी राहिली तरी कोश उघडत नाही. सगळ्या एका फोल्डरात घालून तो कोरीडरच्या ‘डेटा’मधल्या ‘डिक्ट’ फोल्डरात ठेवा. कोबोवर कोरीडर लपवलेल्या फोल्डरात असतं, म्हणून संगणकाला आधी लपलेल्या फाइली दाखवायला सांगा.

४. कोरीडर बंद करून पुन्हा उघडा आणि शब्दकोशांच्या सेटिंगमध्ये आवडता कोश वर आणा.

५. आता खरी परीक्षा. ‘तळ्याकाठी’वर बोट ठेवलंत तर बहुधा काहीच मिळणार नाही, कारण कोशात मूळ रूप असतं, विभक्ती लागलेलं नव्हे. शोधाच्या चौकटीत शब्द बदलून ‘तळे’ करा. तरीही नाही सापडला? मग ‘तळें’ लिहून पाहा. मोल्सवर्थच्या काळी अशा शब्दांवर अनुस्वार देत. क्रियापदंही ‘करणें’, ‘जाणें’ अशीच नोंदवलेली आहेत. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी असे अनुस्वार गेले, त्यामुळे त्यापूर्वीच्या छपाईची पुस्तकं वाचताना हा त्रास कमी होतो, तिथे अनुस्वार बहुतेक आधीपासूनच असतो.