घराण्याचा इतिहास लिहायला बसताय? या चुका टाळा

"आजी, तुझं लग्न कुठल्या साली झालं?" असं विचारलंत की मुलाखत तिथंच अडते. "आमास्नी कुठलं साल ठावं बाबा" असं उत्तर येतं आणि आपण समजतो, म्हातारीला आठवत नाही. आठवतं सगळं, पण ती वर्षं आकड्यांनी मोजत नाही. "कोयनेचा भूकंप झाला तेव्हा कडेवर कोण होतं?" असं विचारा. ११ डिसेंबर १९६७ ची ती पहाट पाटण-कराडकडची जुनी माणसं विसरलेली नाहीत. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला कोण गेलं, १९८२ च्या संपात गिरणी सुटून मुंबईहून कोण परत आलं, असं विचारत गेलात की साल आपोआप हाती लागतं.

कागदावर विसंबून आजीला खोटं पाडायला जाऊ नका. आजोबा १ जूनचे, चुलत आजोबाही १ जूनचे? शाळेत नाव घालताना गुरुजींनी घातलेली तारीख आहे ती. तिच्यावरून वयाचा अंदाज बांधा, पत्रिका नको.

तासगाव, वाळवा, शिराळ्याची माणसं जुन्या नोंदी फक्त सांगलीत शोधतात आणि रिकाम्या हातानं परततात. १९४९ पर्यंत हे तालुके सातारा जिल्ह्यातच होते. मग दक्षिण सातारा जिल्हा झाला, त्याला सांगली हे नाव मिळालं १९६० साली. आटपाडी तर औंध संस्थानात, जत स्वतंत्र संस्थान. तेव्हा आधी गाव त्या काळी कुणाच्या अमलाखाली होतं ते बघा, मग दप्तर शोधा. जुना कागद मोडी लिपीत असेल तर जाणकाराकडून वाचून घ्या. अंदाजानं लावलेलं एक अक्षर आडनाव बदलून टाकतं.

घराण्यांच्या वंशावळी लिहून ठेवणाऱ्या हेळव्याच्या चोपडीत पिढ्यान् पिढ्यांचे बाप-लेक सापडतील, बायका क्वचितच. म्हणून प्रत्येक आजी-पणजीचं माहेरचं गाव, आडनाव आणि लग्नाआधीचं नाव वेगळं विचारा. लग्नात नाव बदललेलं असतं, आणि ते सांगणारं माणूस गेलं की अर्धं घराणंच हरवतं. माझ्या मते यासारखी दुसरी चूक नाही.

फोटोंचं म्हणाल तर २००५ आणि २०१९ च्या महापुरानं कृष्णाकाठच्या कित्येक घरांतले अल्बम चिकटवून टाकले. ओले फोटो ओढून सोडवू नका, उन्हात टाकू नका. स्वच्छ गार पाण्यात भिजवून अलगद वेगळे करा आणि चेहरा वर ठेवून सावलीत वाळवा. काचेला चिकटलेला फोटो काचेसकटच कॅमेऱ्यात टिपून घ्या. मागची बाजूही स्कॅन करा, स्टुडिओचा शिक्का तिथंच असतो. नावं मऊ पेन्सिलनं लिहा, बॉलपेनचा दाब पुढून उमटतो. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवाल तर बारीक होऊन येईल, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

रेकॉर्डिंगआधी पंखा बंद, फोन एअरप्लेन मोडवर, आणि अर्धा मिनिट बोलून ऐकून बघा. सुनेसमोर सासू, भावासमोर भाऊ मोकळं बोलत नाही, एकेकाला गाठा. जमिनीच्या वाटणीवर आलं की दोघं दोन गोष्टी सांगतील. निवाडा करू नका, ज्याचं त्याचं नाव आणि तारीख घालून दोन्ही ठेवा. "हे लिहू नगं" म्हणाले तर तेवढं वगळा.