डच किचनचे शब्द शिकताय? मग या चुका टाळा

नेदरलँड्सला आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी पोळ्यांसाठी पीठ आणलं, पाकिटावर 'झेल्फरैझेंट बाकमेल' लिहिलेलं. 'मेल' म्हणजे पीठ एवढंच तेव्हा माहिती होतं, ते दिसलं आणि घेतलं. कणीक मळली, झाकून ठेवली, लाटायला घेतली तर हाताला भुसभुशीत लागत होती, तव्यावर पोळी नुसती जाड झाली, पदर नाही काही नाही, आणि गार झाल्यावर पावासारखी मोडायला लागली. झेल्फरैझेंट म्हणजे आपोआप फुगणारं, त्यात बेकिंग पावडर आधीच घातलेली असते, ते केकचं पीठ.

तेव्हापासून नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगते, अर्धा शब्द वाचून पाकीट उचलू नका. डचमध्ये दोन-तीन शब्द चिकटवून एक लांबलचक शब्द करतात, त्यात शेपूट सांगतं वस्तू कोणती आणि पुढचा भाग सांगतो कुठल्या प्रकारची, आणि स्वयंपाकात सगळा घोळ त्या प्रकारातच होतो. मेल घ्या. 'फोल्कोरेनमेल' म्हणजे अख्ख्या धान्याचं पीठ, ते गव्हाचं असेल तर पोळ्यांना चालतं. 'ख्रीसमेल' म्हणजे आपला रवा, शिरा-उपमा त्याचाच. 'किकरएर्टनमेल' एवढा मोठा शब्द बघून घाबरायला होतं पण किकरएर्टन म्हणजे छोले, म्हणजे हे झालं बेसन. आणि 'ब्लूम' म्हणजे फूल हे ॲपने शिकवलेलं असतं, पण पिठाच्या कप्प्यात ब्लूम म्हणजे चाळलेलं पांढरं पीठ, मैद्यासारखं. शेपटावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नका बरं का, 'झाउट' म्हणजे मीठ खरं पण 'झाउवरिंग्सझाउट' म्हणजे खायचा सोडा, ढोकळ्यात घालतो तो!

दुधाच्या फ्रिजपाशी जरा जास्त वेळ थांबा

इथे सगळ्यात जास्त फसायला होतं. 'मेल्क' दूध, 'फोले मेल्क' साईसकट, 'हाल्फफोले' मधलं, 'माखरे' बिनसायीचं, इथपर्यंत सोपं. पण 'कार्नेमेल्क' म्हणजे ताक, आणि खोकं दुधासारखंच दिसतं. चहा उकळत असताना ते ओतलं की काय होतं ते सांगायला नको.

'रोम' म्हणजे साय, क्रीम. 'कोकरोम' भाजीत घालायचं, 'स्लाखरोम' फेटायचं, आणि स्प्रेच्या डब्यातलं स्लाखरोम बहुतेक वेळा गोड असतं, ते पनीरच्या भाजीत गेलं तर भाजी गेलीच. म्हणून दोन शब्द एकमेकांशेजारी लिहून फ्रिजवर चिकटवा, 'ओनखेझूट' म्हणजे साखर न घातलेलं आणि 'ओनखेझाउटन' म्हणजे मीठ न घातलेलं. मुळात 'झूट' गोड आणि 'झाउट' मीठ, फक्त एका स्वराचा फरक, आणि घाईत आपण हमखास उलटं वाचतो. तूप कढवायचं असेल तर ओनखेझाउटन रोमबोटर, म्हणजे बिनमिठाचं बटर घ्या, खारं बटर कढवलं की मीठ बेरीत उतरतं आणि ती बेरी पोळीला लावून खायची मजाच जाते. 'हालवारिने' म्हणजे कमी स्निग्ध मार्जरिन, त्याची डबी बटरच्या शेजारीच असते, त्यात अर्ध्याहून जास्त पाणी, त्याचं तूप होत नाही.

एक शब्द मात्र मनापासून आवडावा असा, 'हांगऑप'. दही किंवा ताक फडक्यात टांगून पाणी काढतात आणि जे उरतं ते हांगऑप, शब्दाचा अर्थच टांगून ठेव. म्हणजे आपला चक्का! तेवढा वेळ नसेल तर 'क्वार्क' नावाचं घट्ट दह्यासारखं मिळतं ते आणा, फोले क्वार्क फडक्यात तासभर निथळवून त्यात साखर, वेलची, केशर घातलं की श्रीखंड छान होतं, इथली कितीतरी मराठी घरं पाडव्याला हेच करतात.

इंग्रजीवरून अंदाज बांधणं ही दुसरी मोठी चूक. 'पॉट' म्हणजे शिजवायचं पातेलं नाही, बहुतेक वेळा बरणी. 'पान' म्हणजे नुसता फ्राय पॅन नाही तर कुठलंही शिजवायचं भांडं, फ्राय पॅनला 'कूकनपान' आणि कुकरला 'स्नेलकोकपान', पटकन शिजवणारं भांडं. 'वोर्स्ट' म्हणजे वाईट नाही, सॉसेज. 'पाप्रिका' मागितलं की ढोबळी मिरची मिळते, लाल पूड हवी तर 'पाप्रिकापूडर', आणि ती तिखट नसते बरं. 'पेपर' मिरे, पण 'रोडे पेपर' म्हणजे लाल मिरची.

क्रियापदं पाठ करताना एकाला एक अर्थ लावू नका. 'कोकेन' म्हणजे स्वयंपाक करणं आणि उकळणं दोन्ही. 'बाकेन' म्हणजे केक भाजणं, आणि कांदा परतणंसुद्धा. रेसिपीत बाकेन दिसलं की ओव्हन तापवायला धावू नका, आधी बघा वाक्यात पान आहे का ओव्हन. 'एटलेपल' मोठा चमचा, १५ मिली, 'टेलेपल' छोटा, ५ मिली, रेसिपीत फक्त 'el' आणि 'tl' एवढंच लिहिलेलं असतं त्यामुळे एका नजरचुकीत मीठ तिप्पट होतं.

नामाआधी 'द' लावायचं की 'हेट' (इंग्रजीतल्या 'the'सारखे हे दोन शब्द) यावर रडत बसणारे खूप. मराठीतलं लिंग तिथे लावू नका, काही जुळत नाही. एवढं धरा की जोडशब्दाला शेवटच्या तुकड्याचं लिंग लागतं, 'मेस' म्हणजे सुरी हेट, म्हणून ब्रेड कापायची 'ब्रोटमेस' पण हेट, आणि 'प्लांक' द म्हणून 'स्नैप्लांक', आपला चॉपिंग बोर्ड, तोही द.

मसाल्यात काही बरण्यांवर इंडोनेशियन वळणाची नावं असतात, तो देश डचांची वसाहत होता त्यामुळे ती इथल्या स्वयंपाकात मुरली. 'जिंतेन' म्हणजे जिरं, 'केतुम्बार' म्हणजे धणे, नीट ऐका, आपली कोथिंबीर त्याच घराण्यातली, संस्कृत कुस्तुम्बरीची. सुपरमार्केटचं जिरं म्हणजे 'कोमैन', 'कार्वै' नाही, ते दिसायला जिऱ्यासारखं पण फोडणीत टाकलं की वास वेगळाच. सुरिनामी दुकानात गेलात तर कारल्याला 'सोप्रोपो' म्हणा.

आकडे मात्र इंग्रजीतून शिकू नका, हे मी कळकळीने सांगते. 'फैफ-एन-ट्विंतिख' म्हणजे पाच आणि वीस, आपल्या पंचवीससारखं आधी एकक मग दशक. इंग्रजीतून गेलात तर पाच-दोन असं ऐकून पंचवीसऐवजी बावन्न मिनिटं लावून बसाल. दीडला पण स्वतंत्र शब्द आहे, 'आंडरहाल्फ'. आणि बाजारात कुणी 'ओन्स' म्हणालं तर १०० ग्रॅम, 'पोन्ट' म्हणालं तर अर्धा किलो.

शाकाहारी असाल तर 'स्ट्रेम्सल' हा शब्द आजच वहीत लिहा. चीज बनवताना दूध विरजायला जे वापरतात ते, आणि 'डीरलक स्ट्रेम्सल' असेल तर ते वासराच्या पोटातलं. 'मिक्रोबियेल', म्हणजे सूक्ष्मजीवांपासून केलेलं, असेल तर घ्या.