गोव्यात डबा किंवा मील किट विकताय? या चुका टाळा

पर्वरी, फोंडा, मडगाव, कुठेही बघा, घरच्या स्वयंपाकघरातून डबे किंवा मील किट (गिऱ्हाइकाने घरी शिजवायचं, आधीच मोजून-चिरून दिलेलं सामान) देणारे हल्ली पुष्कळ झालेत. चव बहुतेकांची उत्तम असते. घोडं अडतं ते हिशेबात आणि वाटेत.

ऑर्डरी भरपूर, हातात काही नाही

आधी एका थाळीचा हिशेब कागदावर मांडा. समजा थाळी 250 रुपयांची आणि डिलिव्हरी ॲपचं कमिशन 25 टक्के. म्हणजे 62.50 रुपये गेले. कमिशनवर 18 टक्के जीएसटी, आणखी 11.25. तो परत मिळेल या भरवशावर राहू नका. ॲपवरून विकलेल्या जेवणाचा 5 टक्के कर 1 जानेवारी 2022 पासून ॲपच भरतं आणि त्या दरात इनपुट क्रेडिट, म्हणजे आधी भरलेल्या जीएसटीची वजावट, नाही. उरले 176.25. सामान 95, डबे-पिशवी 20 धरा. राहिले 61. त्यातूनच गॅस, पगार, भाडं. वर ‘पहिल्या ऑर्डरला 50 रुपये सूट’ स्वतःच्या खिशातून दिलीत, तर ढोबळमानाने 11 रुपयांसाठी पहाटे उठून नारळ खवताय.

सवलतीपायी आलेलं गिऱ्हाईक सूट संपली की दुसरीकडे जातं. मील किटमध्ये हे मोठ्यांनाही भोवलं. 2012 साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या ब्लू एप्रनची 2017 च्या आयपीओवेळची (शेअर पहिल्यांदा बाजारात आले तेव्हाची) किंमत सुमारे 190 कोटी डॉलर होती. 2023 मध्ये वंडर ग्रुपने ती सुमारे 10.3 कोटी डॉलरला घेतली. जाहिराती आणि सवलती देऊन गिऱ्हाईक आणायचं आणि ते टिकायचं नाही, हे त्यामागचं एक मोठं कारण.

दुसरी गळती रस्त्यावर. चोडण बेटावरच्या एकाच डब्यासाठी डबे पोचवणारा मुलगा रायबंदरच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट बघत उभा, तोवर पणजीत पाटोच्या कार्यालयांतले चार डबे थंड. मागेल त्याला, मागेल तिथे देऊ नका. आपला पदेर (पाववाला) बघा, ठरलेल्या वेळी ठरलेल्या वाड्यांतूनच फिरतो. दुपारचे डबे आदल्या रात्रीच्या ऑर्डरीवर घ्या, भाग ठरवा, एकाच फेरीत वाटा. पत्त्यात ‘चॅपेलकडून डावीकडे’ एवढंच असेल, तर पहिल्याच दिवशी लोकेशन मागून घ्या.

किटमधलं हुमण (माशाची कडी) बिघडतं

‘वास येत नाही म्हणजे मासा ताजा’ ही सगळ्यांत धोक्याची समजूत. बांगड्यात हिस्टिडीन भरपूर असतं. मासा थंड ठेवला नाही, तर जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात आणि ते कितीही उकळलं तरी जात नाही. गिऱ्हाइकाच्या अंगावर पुरळ उठतं, डोकं दुखतं, आणि दोष येतो तुमच्या मसाल्यावर. मासा साफ केल्यापासून दारात पोचेपर्यंत 5 अंशांच्या खालीच हवा. थर्मामीटर घ्या, अंदाज नको.

वाटपाचंही (वाटलेल्या मसाल्याचंही) तेच. मिक्सरमध्ये तापलेलं ओल्या नारळाचं वाटप तसंच पाकिटात बंद केलं, तर आपल्या दमट हवेत बघता बघता आंबतं. पसरट भांड्यात काढून फ्रिजमध्ये गार करा, मगच भरा. तिरफळं बिया काढून वेगळ्या पुडीत द्या. वाटून घातली तर कडी कडवट होते.

सूचनांचं कार्ड मात्र आपल्या माणसासाठी लिहू नका. किटमध्ये उकडे तांदूळ असतील तर पाणी आणि वेळ स्पष्ट लिहा. दिल्लीहून पर्वरीत राहायला आलेला भाडेकरू बासमतीच्या मापाने पाणी घालतो, भात कच्चा राहतो आणि तो तुम्हाला एक स्टार देतो.

जूनमध्ये धंदा झोपतो

1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी. इसवण (सुरमई), सुंगटांचे (कोळंबीचे) भाव चढतात, पर्यटकही कमी. त्यामागोमाग श्रावण आणि चवथ (गणेश चतुर्थी), म्हणजे बरीच हिंदू घरं शिवराक (शाकाहारी). हे दरवर्षीचंच असूनही लोक वर्षभराचा एकच मेनू भाव टाकून छापतात! मासळीचा भाव छापूच नका, सकाळी बाजार बघून कळवा. खतखते, मुगागाठी, अळसांद्यांचे तोणाक या शिवराक पदार्थांचे किट मे महिन्यातच करून चाखायला द्या. खतखत्याच्या भाज्या सोलून-चिरून मिळणार असतील, तर नोकरदार घरं खुशीने पैसे मोजतात. पावसात वीज जाते, म्हणून फ्रीजरला इन्व्हर्टर जोडताना तो किती तास तग धरतो हे आधी तपासा.

आणि एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) 14 अंकी क्रमांक बिलावर हवाच. घरचं स्वयंपाकघर आहे म्हणून त्यातून सुटका नाही.