चैत्रगौरीचं हळदीकुंकू: २५ बायकांचा हिशेब

गौर बसते चैत्र शुद्ध तृतीयेला आणि उठते अक्षय तृतीयेला. मधला महिनाभर कधीही बोलावणं करता येतं. आमच्या घरी मंगळवार किंवा शुक्रवार असतो. पंचवटीत राहत असाल तर कामदा एकादशी मात्र सोडा. त्या दिवशी काळारामाचा रथ निघतो. अर्ध्या बायका रथाला जातात आणि उरलेल्या गर्दीत अडकतात. एका वर्षी मी हट्टाने तोच दिवस धरला आणि भरल्या पातेल्यापुढे सहा बायका बसल्या. अक्षय तृतीयेलाही नको. पितरांची घागर भरायची, पुरण घालायचं, आणि वर हळदीकुंकू? कशातच जीव राहत नाही.

आधी डाळ, कारण बायका येतात डाळीसाठीच. २५ जणींना अर्धा किलो हरभऱ्याची डाळ पुरते. सकाळी पूजा आटोपली की भिजत घालायची, चार-पाच तासांनी उपसून चाळणीत अर्धा तास निथळत ठेवायची. मिक्सर सलग फिरवायचा नाही. चालू-बंद, चालू-बंद. बोटांत घेऊन चोळल्यावर रव्यापेक्षा जाड कण लागले पाहिजेत. लग्नानंतरच्या पहिल्या चैत्रात मी पाट्यावर चांगली गुळगुळीत वाटून दिली होती. सासूबाईंनी चमच्याने उचलून पाहिली आणि म्हणाल्या, "भज्यांचा घाणा कधी काढतेस?" पुढे ३४ वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या, पण इतका नेमका शेरा मला कधी सुचला नाही.

वाटलेल्या डाळीच्या निम्मा कैरीचा कीस. कैरी फार आंबट असेल तर कमी. ओलं खोबरं, मीठ, चवीपुरती साखर, कोथिंबीर. फोडणीला तेलात मोहरी, सढळ हिंग, हळद, कढीलिंब, मिरच्यांचे तुकडे. फोडणी पूर्ण गार होऊ द्यायची, मगच डाळीवर घालायची. गरम ओतली तर डाळ अर्धवट शिजते आणि गोळे धरते. कैरी शेवटी, बायका यायच्या तासभर आधी. लवकर घातली की पाणी सुटतं. कैऱ्या मी गंगेवरच्या, म्हणजे आमच्या गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारातून आणते. दाबून कडक लागेल, देठाशी चीक दिसेल ती घ्यायची.

पन्ह्याला एक किलो कैरी उकडा, गर काढा. गराच्या दीडपट ते दुप्पट गूळ, चिमूटभर मीठ, वेलची, असेल तर केशर. हा अर्क आदल्या दिवशी करून ठेवला तरी चालतो. ऐन वेळी प्रत्येक पेल्यात तीन चमचे अर्क आणि माठातलं पाणी.

आरास साधी ठेवा. पितळी पाळण्यात अन्नपूर्णा, मागे घरातलीच जुनी पैठणी, पुढे पायऱ्यांवर कलिंगडाचं कमळ, काकड्या आणि द्राक्षांचे घड. नाशिकला चैत्रात हंगाम सरत आलेला असतो, घड स्वस्त मिळतात. ते पाळण्याच्या दांड्याला दोऱ्याने टांगते. विजेच्या माळा आमच्या धाकट्याने एकदा लावल्या होत्या. गौर दुकानात बसल्यासारखी दिसायला लागली, काढायला लावल्या.

चैत्रांगणाला, म्हणजे गौरीच्या चैत्रातल्या रांगोळीला, वेळ द्या. फ्लॅटमध्ये अंगण कुठलं! मी माझा जुना लाकडी फळा गॅलरीत आडवा टाकते. आधी खडूने पुसट आखून घ्यायचं: मध्ये पाळण्यात गौर, वर सूर्य-चंद्र, मग स्वस्तिक, शंख, चक्र, गदा, तुळशीवृंदावन, कासव, नाग, हत्ती, गोपद्मं, फणी, करंडा. चिन्हं नेमकी किती यावर दोन घरांचं एकमत नसतं, तुमच्या आजीने काढली तेवढी काढा. रांगोळी उन्हात वाळवून चाळून घ्या, दमट असली तर अडकते आणि रेषेला गाठी येतात. चिमूट अंगठा आणि तर्जनीत धरायची, अंगठा हळू पुढे सरकवायचा, मनगट जमिनीला टेकवायचं नाही. नातवाला हे मागच्या वर्षी शिकवलं. त्याच्या कासवाला पाच पाय आले. खडूचा एक मी पुसायला गेले तर म्हणाला, "ती शेपूट आहे, आजी." राहू दिला.

आता बोलावण्याचं. हे गेल्यावर पहिल्या चैत्रात नात्यातल्या एकीने सुचवलं, "यंदा सूनबाईंना पुढे करा, तुम्ही आत बसा." मी पाळण्यापुढेच बसले. ज्या देवीची गेली ४० वर्षं पूजा केली तिने मला नको म्हटलं नव्हतं. तेव्हापासून माझ्या यादीत कुणाचा नवरा आहे, कुणाचा नाही, हा रकाना नाही. सगळ्यांना हळदीकुंकू, अत्तर, गुलाबपाणी, भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी. एखादीने स्वतःहून कुंकू नको म्हटलं तर आग्रह नाही, ओटी मात्र भरायचीच. हरभरे आदल्या रात्री भिजवा, पाऊण किलो पुरतात.

वेळ संध्याकाळी साडेपाच ते आठ. त्याआधी उन्हात कुणी घराबाहेर पडत नाही, आणि आठनंतर आलेलीला डाळ मिळेलच असं नाही. उरलीच तर फ्रीजमध्ये कोंबू नका, सकाळी तिला कैरीचा वास राहतो, चव राहत नाही. आमच्याकडे रात्री नऊला खालच्या वॉचमनकडे डबा जातो. तो आता चैत्र लागला की मलाच विचारतो, "बाई, यंदा मंगळवार का शुक्रवार?"