जुन्या फर्टिगहाउसात टाइल्सखाली हीटिंग: या चुका टाळा

जर्मनीत घर शोधायला निघालं की बजेट आपल्याला फिरवून फिरवून साठ-सत्तरच्या दशकातल्या फर्टिगहाउसच्या दारात आणून सोडतं. कारखान्यात लाकडी चौकटीच्या भिंती करायच्या आणि जागेवर आणून जोडायच्या, असं ते घर. आमचं 1971 चं. पहिल्या हिवाळ्यात वरच्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये अनवाणी पाय टेकवला आणि त्याच सकाळी टाइल्सखाली विजेची हीटिंग मॅट, म्हणजे जाळीवर वेटोळ्यांत बसवलेली तापणारी तार, घालायचं ठरलं. शनिवार-रविवारचं काम वाटलं होतं. सात आठवडे लागले.

पहिली चूक डोक्यातली. आपल्याला फरशी म्हटलं की खाली स्लॅबच दिसतो. इथे वरच्या मजल्यावर लाकडी तुळया असतात आणि त्यांवर 19 ते 22 मिलिमीटरचा चिपबोर्ड. तो चालताना लवतो, दमटपणाने फुगतो. टाइलला यातलं काहीच जमत नाही, ती सरळ तडकते. घरातल्या सगळ्यात वजनदार माणसाला खोलीच्या मधोमध चालायला लावा. कपाटातल्या बाटल्या किणकिणल्या तर आधी जमीन पक्की करायची: चिपबोर्ड तुळयांना नव्याने स्क्रूंनी आवळायचा, कमोडभोवतीचा फुगलेला तुकडा बदलायचा, वर सांधे चुकवून दुसरा थर टाकायचा. मग टाइलला लाकडाच्या हालचालीपासून सुटं ठेवणारी डीकपलिंग मॅट आणि लवचीक टाइल-अधेसिव्ह. काही महिन्यांनी चार-पाच टाइल्समधून एका सरळ रेषेत तडा गेला, तर खाली बोर्डाचा सांधा आहे असं समजा. तो ग्राउट भरून बुजत नाही.

तळमजल्यावर बहुधा काँक्रीट असतं, तिथे दुखणं वेगळं. खाली इन्सुलेशन नसेल तर बरीचशी उष्णता तळघर गरम करण्यात जाते. टाइलखाली चालणारे 6 ते 10 मिलिमीटरचे कडक फोमचे बोर्ड मिळतात, ते वगळू नका.

जुनं फ्लोअरिंग उखडण्याआधी मात्र थांबा. चौकोनी, कडक प्लास्टिकसारख्या जुन्या टाइल्स आणि खाली काळा गोंद दिसला, तर दोन्हींत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. जर्मनीत त्यावर 1993 मध्ये बंदी आली. त्याआधीच्या घरात नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यायचा. घासायचं नाही, ग्राइंडर तर मुळीच नाही. अ‍ॅस्बेस्टॉस निघालं तर काढायचं काम परवानाधारकांचं.

वायरिंगचंही तसंच. 1973 च्या आधीच्या घरांत बऱ्याचदा दोनच तारा सापडतात, अर्थिंगचं काम न्यूट्रलवरच भागवलेलं असतं. हीटिंग मॅटला 30 मिलिअँपिअरचा एफआय स्विच (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा) हवाच, आणि तो अशा जुन्या दोन तारांवर नीट बसत नाही. नवी लाइन ओढावी लागते, तीही इलेक्ट्रिशियनकडूनच.

आता माझी खरी फजिती. बाथरूम 8 चौरस मीटरचं. टब आणि बैठं कपाट वगळून 5 चौरस मीटर मॅट. चौरस मीटरला 150 वॉट म्हणजे 750 वॉट. 230 व्होल्टवर तिचा रोध 70 ओहमच्या आसपास यायला हवा. खोक्यातून काढल्यावर मल्टिमीटरने मोजला, आला, खूश झालो. अंथरल्यावर मोजायचा राहिला. टाइल्स बसवल्यावर मोजला, पुन्हा 70. हीटिंग चालू केलं आणि एफआय पडला. पुन्हा वर केला, पुन्हा पडला.

इलेक्ट्रिशियनने इन्सुलेशन टेस्टर लावला तेव्हा उलगडा झाला: आतली तार अखंड, म्हणून रोध बरोबर, वरचं आवरण मात्र सोललेलं. मिस्त्रीच्या दातेरी लोखंडी थापीचा प्रताप. म्हणून रोध आणि इन्सुलेशन, दोन्ही मोजमापं तीनदा करा: खोक्यातून काढल्यावर, अंथरल्यावर, टाइल्सनंतर, आकडे लिहून ठेवा. आणि थापी प्लास्टिकचीच. रोध अनंत दाखवला तर तार तुटली आहे. रोध ठीक पण एफआय पडतो, तर आमच्यासारखं आवरण तपासा. दोन्ही ठीक असूनही फरशी थंड असेल, तर थर्मोस्टॅट किंवा फरशीचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरकडे बघा.

सेन्सर नेहमी नळीत, दोन वेटोळ्यांच्या मधोमध, नळीचं टोक बंद करून. म्हणजे तो बिघडला तर ओढून बदलता येतो. थेट अधेसिव्हमध्ये पुरला तर टाइल फोडा. मॅट वळवताना जाळी कापायची, तार कधीच नाही.

टाइल्स लवकर वाळाव्यात म्हणून हीटिंग लावायचा मोह सगळ्यांना होतो. अधेसिव्ह कच्चं राहतं, टाइल पोकळ वाजू लागते. पिशवीवर लिहिलेले दिवस पाळा. बहुतेक वेळा निदान सात, खाली लेव्हलिंगचा थर असेल तर जास्त.

वापरातली एक सवय मोडावी लागली. जुन्या साड्यांचं आईने शिवलेलं जाड पायपुसणं दिवसभर तिथेच पडून असायचं. त्याखाली उष्णता कोंडते, बिनपायांच्या कपाटाखालीही तेच होतं. आणि एवढ्यावर खोली तापेल ही आशा सोडा. त्या काळच्या पातळ इन्सुलेशनच्या भिंतींपुढे 750 वॉट पायांपुरतेच. रोज चार तास म्हणजे 3 युनिट. युनिटला 35 सेंट धरले तर दिवसाला साधारण एक युरो.

आमचं नशीब, मॅट झाकण्याआधी बायकोने शेजारी टेप ठेवून सगळ्या बाजूंनी फोटो काढले होते. इलेक्ट्रिशियनने दोष शोधायचं यंत्र लावलं, फोटोत तारेची जागा पाहिली आणि दारापासून तिसरी टाइल उचलली. एकच.