संत्र्याची बुरशी पेटीत नव्हे, तोडणीत लागते

पेटी उघडली की एखादं संत्रं हिरव्या भुकटीनं माखलेलं निघतं आणि दोष पेटीला, गाडीला, व्यापाऱ्याला जातो. पण ही हिरवी बुरशी, पेनिसिलियम डिजिटाटम, धड सालीतून आत शिरत नाही. आत शिरायला तिला सालीवर जखम लागते. नखाचा ओरखडा, क्रेटमधला खडा, शेजारच्या फळाच्या लांब देठाचं टोक, एवढंही पुरतं.

म्हणून नागपुरी संत्रं ओढून तोडू नका. ओढलं की देठाजवळची साल फाटते. कात्रीनं देठ फळालगत कापा, पण देठाची टिकली फळावरच राहू द्या. तोडणाऱ्यांची नखं कापलेली हवीत. (हे सांगितलं की मजूर हसतात, हसू द्या.) सकाळी दव असताना किंवा पाऊस उघडल्या उघडल्या तोडणी नको. ओली, ताठ साल जरा दाबली तरी तिच्यातल्या तेलाच्या ग्रंथी फुटतात. आंबिया बहाराची (हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्याची) फळं परतीच्या पावसात सापडली, तर हे जास्तच सांभाळा.

निळी बुरशी, पेनिसिलियम इटालिकम, त्याहून चिवट. ती सडक्या फळाला टेकलेल्या चांगल्या फळातही शिरते आणि थंडीतही वाढत राहते. तेव्हा शीतगृहात माल ठेवला की सुटलो, असं समजू नका. अधूनमधून निवड कराच. सडलेलं फळ झटकू नका, बीजाणू खोलीभर उडतात. पिशवीत अलगद घालून, तोंड बांधून बाहेर न्या. रिकामे क्रेट धुऊन उन्हात वाळवल्याशिवाय पुन्हा भरू नका.