शेतात मोठं वर्कशॉप शेड टाकायचंय? पत्र्याच्या आधी एवढं उरका

शेड टाकायचं ठरलं की घरात पहिली चर्चा पत्र्याच्या भावाची होते. ती सगळ्यात शेवटी करा. पत्रा कधीही बदलता येतो. जागा, पाया आणि दरवाजाचं माप एकदा चुकलं की चुकलं. तयारी त्याच क्रमानं करायची.

जमीन वडिलोपार्जित असेल तर ताजा सातबारा आणि 8-अ (खातेउतारा) काढा आणि त्यावरची सगळी नावं घरच्यांसमोर मोठ्यानं वाचा. आजोबांचं नाव अजून तसंच असेल तर आधी वारसनोंद. “वाटण्या तोंडी झाल्यात, हा तुकडा माझाच” एवढ्या भरवशावर लाखोंचं लोखंड उभं करू नये. आज भाऊ काही म्हणत नाही, उद्या पुतण्या म्हणेल. बहिणींचंही तेच. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनं मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला आणि तो जन्मानंच मिळतो, हे सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये स्पष्ट केलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या बहिणीला साडी नेसवली म्हणजे तिची संमती झाली असं नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडून वाटप करून घ्या, नाहीतर वाटणीपत्र रजिस्टर करा. त्यानंतर भूमी अभिलेखची सरकारी मोजणी करून हद्दीच्या खुणा रोवून घ्या. बांध दरवर्षी नांगराबरोबर सरकतो, हे सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी बोलत नाही.

मग स्वतःला विचारा, शेड कशासाठी? स्वतःची अवजारं, चारा, शेतमाल, जनावरं यांच्यासाठीची इमारत महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत शेतीच्याच वापरात धरली आहे. पण गावातल्यांचे ट्रॅक्टर दुरुस्त करणार, गेट-ग्रिल बनवून विकणार, तर तो बिगरशेती वापर झाला. तलाठ्याशी आणि ग्रामसेवकाशी हे आधीच बोलून घ्या. पुढे बँकेत कर्ज मागायला गेलात तरी याच वापराचा कागद मागतील.

आता माती. बाकी सगळं वरवरचं वाटेल इतका हा भाग महत्त्वाचा आहे. खान्देशातली काळी पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. घर वजनानं थोडं तरी दाबून बसतं. शेड हलकं, त्यामुळे फुगणारी माती त्याची फरशी सहज उचलते. प्लॅन काढण्याआधी जेसीबी बोलवा आणि समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर खड्डे घ्या. खड्ड्याच्या भिंतीकडे नीट पाहा: काळी किती फुटांवर संपते, खाली मुरूम लागतो की पिवळी चिकण. चाळीसगाव-पारोळ्याकडे बऱ्याच ठिकाणी मुरूम-खडक लवकर लागतो. तिथे फुटिंग, म्हणजे खांबाचा तळ, थेट त्यावर टेकवा. रावेर, यावल, चोपडा या तापीकाठच्या गाळपट्ट्यात कितीही खणा, मुरूम हाती लागेलच असं नाही. तिथे इंजिनिअरला अंडर-रीम पाइलचं विचारा. साधारण 3.5 मीटर खोल भोक, तळाशी फुगीर गाठ, आणि वर खांबांना बांधणारा बीम. त्या बीमखाली माती फुगायला मोकळी जागा सोडतात. मिस्त्री ती “पोकळ राहिली” म्हणून भरून टाकतो, त्या दिवशी तिथे उभे राहा.

फरशीसाठी काळी दोन-तीन फूट काढून फेकायची आणि मुरूम 6 ते 9 इंचांच्या थरांनी भरून, पाणी मारून, रोलर फिरवत जोतं उचलायचं. एकदम ट्रॉल्या रिकाम्या करून वरून जेसीबीचं बकेट आपटणं म्हणजे दबाई नव्हे. काँक्रीट ओतण्याआधी वायरिंगचे, पाण्याचे आणि कॉम्प्रेसरच्या हवेचे पाइप खालून टाकून घ्या. नंतर फरशी फोडायला जीव होत नाही. आपल्याकडच्या कोरड्या उन्हात फरशीवर अळी करून पाणी साठवून ठेवा, पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असेल तर किमान 14 दिवस. सकाळ-संध्याकाळ नळी फिरवून भागत नाही.

माप ठरवताना कागद बाजूला ठेवा. खळ्यात फक्कीनं (पांढऱ्या भुकटीनं) शेडची आखणी करा, त्यात खरोखर ट्रॅक्टर-ट्रॉली आणून वळवून बघा, रोटाव्हेटर लावून मागे घ्या. 60 बाय 40 फूट कागदावर मैदान वाटतं. त्यात एक ट्रॉली, वर्कबेंच आणि वेल्डिंगची जागा मांडली की चालायला वाट शोधावी लागते. दरवाजा कपाशीनं शीग भरलेल्या ट्रॉलीच्या मापाचा करा, रिकाम्या ट्रॉलीच्या नाही. कैचीची (छत पेलणाऱ्या लोखंडी सांगाड्याची) खालची उंची 14 फुटांपेक्षा कमी नको. पुढेमागे इंजिन उचलायला चेनपुली लावायची असेल तर ते फॅब्रिकेटरला आत्ताच सांगा, म्हणजे तेवढी कैची जड करता येईल.

पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून मोठा दरवाजा उत्तरेला किंवा पूर्वेला. वास्तूवाल्याचं त्यात बसलं तर बरंच. मे-जूनच्या वादळात केळीच्या बागा झोपतात, त्याच वाऱ्यात पत्रे उडतात. वारा त्यांना आतून वर ढकलतो. म्हणून कडेच्या ओळींना स्क्रू दाट हवेत आणि पर्लिन (पत्र्याखालच्या आडव्या पट्ट्या) एकमेकांच्या जवळ. 0.50 मिमीचा पत्रा सांगून 0.35 चा येऊ शकतो, मायक्रोमीटर लावूनच उतरवून घ्या. उन्हाळ्यात पारा 45 च्या वर गेला की बिनइन्सुलेशनच्या पत्र्याखाली दुपारी माणूस टिकत नाही. पांढरा किंवा फिका रंग, खाली इन्सुलेशन आणि आढ्यावर हवा निघायला जागा, या तिन्हींत काटकसर नको.

वीज. विहिरीच्या मोटारीच्या कनेक्शनवर वेल्डिंग मशीन चालवायचा मोह सगळ्यांनाच होतो. तो अनधिकृत वापर ठरतो, वीज कायद्याच्या कलम 126 खाली आकारणी होते. शिवाय शेतीच्या फीडरवर थ्री-फेज पाळीनंच येते. महावितरणकडे वेगळ्या थ्री-फेज कनेक्शनचा अर्ज पाया खणण्याआधीच टाका. डीपी (ट्रान्सफॉर्मर) लांब असेल तर पोलांचा खर्च अंदाजपत्रकात धरा.

कापसाचं वेगळं सांगतो. भाव येईपर्यंत कापूस घरात ठेवायची आपली सवय, आणि नवं शेड दिसलं की घरचे म्हणणारच, “तिथंच टाकू या.” ग्राइंडरची एक ठिणगी ढिगात गेली की लगेच धूर दिसेलच असं नाही. आतल्या आत धुमसते, सगळे जेवून झोपल्यावर पेट घेते. कापूस ठेवायचाच असेल तर मधे छतापर्यंत विटांची भिंत आणि दरवाजा बाहेरून, हे नकाशातच दाखवा.

पन्हाळीचं पाणी वाया घालवू नका. 60 बाय 40 च्या छतावर 700 मिमी पाऊस पडला तर दीड लाख लिटर होतं. विहिरीत सोडायचं तर आधी गाळून. आणि ते पायाशी मुरलं तर काळी तिथंच फुगेल, म्हणून उतार बाहेरच्या बाजूला.

राहिलं कॅलेंडर. खोदाई दिवाळीनंतर, जमीन वापशावर आली की. होळीला सातपुड्यातले पावरा आदिवासी मजूर भोंगऱ्याच्या बाजारासाठी गावी जातात, आखाजीला सालदार (वर्षाच्या बोलीवरचे गडी) बदलतात. हे दोन्ही आठवडे कामाचे धरू नका. छत मेच्या पहिल्या पंधरवड्यात पुरं व्हायला हवं. फाउंडेशन बोल्टचा साचा फॅब्रिकेटरकडूनच आणा, मिस्त्रीच्या टेपवर सोडू नका. लोखंडाचा सौदा किलोवर ठरला असेल, तर गाडी शेतात येण्याआधी आपल्या माणसाला सोबत बसवून वजनकाट्यावर भरलेली आणि रिकामी, दोन्ही वेळा मोजून घ्या.